‘एकदा मशीन लागलं की सुटत नाही’ : एका घातक समजुतीला उत्तर

‘एकदा मशीन लागलं की सुटत नाही. फुप्फुसं आळशी होतात. होता होईल तो टाळा.’

रात्री श्वासाला आधार देणारं मशीन घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं की एक-दोन दिवसांत हे वाक्य त्या घरात पोचतंच. भेटायला आलेले मामा म्हणतात, सोसायटीतले निवृत्त सर म्हणतात, आणि वर्षानुवर्षं त्या कुटुंबाला तपासत आलेले फॅमिली डॉक्टरही कधीकधी म्हणतात. सगळे आपुलकीनंच म्हणतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मी श्वसनाची फिजिओथेरपी करते. या वाक्यानंतर काय काय होतं ते मला घरोघरी पाहावं लागतं. मशीन टाळलं जातं, महिने जातात, आणि मग एके रात्री पेशंट अर्धवट बेशुद्ध अवस्थेत आयसीयूत दाखल होतो. जो मास्क घरच्या अंथरुणावर, स्वतःच्या हातानं लावता आला असता, त्याच्याऐवजी घशात नळी जाते. म्हणून या वाक्याचा प्रतिवाद मला सौम्य शब्दांत करता येणार नाही.

आधी कोणत्या मशीनबद्दल बोलते आहे ते सांगते, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. नाकावर किंवा नाक-तोंडावर बसणारा सिलिकॉनचा मास्क, डोक्यामागून जाणारे पट्टे, एक लवचीक नळी आणि उशाशी मावेल एवढं यंत्र. याला आपल्याकडे सर्रास बायपॅप म्हणतात. पेशंटनं श्वास घ्यायला सुरुवात केली की यंत्राला ती चाहूल लागते आणि ते जास्त दाबानं हवा आत ढकलतं. श्वास सोडायच्या वेळी दाब उतरतो. हे झोपेत करायचं असतं. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यासाठी वापरतात ते सीपॅप वेगळं. ते एकच दाब ठेवून घसा उघडा ठेवतं. आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तर तिसरीच गोष्ट; तो हवेतला प्राणवायू वाढवून देतो, श्वास घेण्याचं काम मुळीच करत नाही. या तिन्हींना एकाच ‘ऑक्सिजनच्या मशीन’च्या नावाखाली ढकललं की पुढची सगळी चर्चा चुकीच्या पायावर उभी राहते.

बायपॅपची गरज कुणाला लागते? ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या मुलांना, मोटर न्यूरॉन आजाराच्या म्हणजे एएलएसच्या पेशंटना, पाठीचा कणा फार वाकलेल्यांना, खूप स्थूलपणामुळे छाती नीट न फुगणाऱ्यांना आणि सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या-फुप्फुसांचा जुनाट आजार बळावलेल्या काही जणांना. यात आपल्या आया-आज्याही येतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं होतं की सीओपीडी हा केवळ बिडी-सिगारेटचा आजार नाही, जन्मात बिडीला हात न लावलेल्या माणसांतही तो मोठ्या प्रमाणात आहे आणि चुलीचा धूर त्याचं एक मोठं कारण आहे. ज्या बाईनं चाळीस वर्षं चुलीपुढं बसून घराला जेवू घातलं, तिच्या श्वासाचा निर्णय आता मुलं आणि जावई दाराबाहेर उभे राहून घेतात, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

आता ‘सवय’. या भीतीला काही आधारच नाही असं मी म्हणणार नाही. २००८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक गाजलेला अभ्यास आला. मेंदूमृत घोषित झालेल्या अवयवदात्यांचं श्वासपटल तपासलं, तेव्हा १८ ते ६९ तास पूर्णपणे व्हेंटिलेटरवर राहिल्यावर त्या स्नायूचे तंतू निम्म्याहून अधिक बारीक झालेले आढळले. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू. आपला बहुतेक श्वास तोच ओढतो. तो पूर्ण निकामी बसवला तर झपाट्यानं झिजतो, हे या अभ्यासानं सिद्ध केलं. आयसीयूतल्या डॉक्टरांनी त्यातून योग्य धडाही घेतला.

पण त्या दात्यांचं श्वासपटल एकदाही स्वतःहून हललं नव्हतं. मेंदूकडून त्याला हुकूमच येत नव्हता. घरी मास्क लावून झोपणाऱ्या माणसाचा मेंदू जागच्या जागी आहे, श्वास तोच सुरू करतो, यंत्र फक्त हात देतं. दिवसाचे पंधरा-सोळा तास तर तो संपूर्णपणे स्वतःच्या बळावर श्वास घेतो. पहिल्या परिस्थितीचा निष्कर्ष उचलून दुसऱ्यावर चिकटवणं याला शास्त्र म्हणता येत नाही. दिवसभर ऊस तोडलेल्या मजुराला रात्री झोपू दिलं, तर सकाळी त्याला कोयता उचलायची ‘सवय मोडली’ असं कुणी म्हणत नाही.

शिवाय रात्रच का, हे समजून घेतलं तर भीती बरीच ओसरते. झोपेच्या ज्या टप्प्यात स्वप्नं पडतात, त्या टप्प्यात शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात. फासळ्यांमधले आणि मानेचे मदतनीस स्नायूही त्या वेळी काम थांबवतात. श्वासाचा सगळा भार एकट्या श्वासपटलावर येतो. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. ज्याचं श्वासपटलच दुबळं झालंय, त्याचा श्वास या टप्प्यात उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड रक्तात साठतो, मेंदू दचकून त्याला जागं करतो. असं रात्रीतून कितीतरी वेळा होतं. सकाळी डोकं ठणकतं, दिवसा बसल्या जागी डुलक्या येतात, भूक मरते, चिडचिड होते. घरचे म्हणतात, वय झालं. आणि काही काळानं वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडला मेंदूच सरावतो. त्याला धोक्याची घंटा ऐकू येईनाशी होते. सवय लागते ती ही! मशीन न लावल्यामुळे लागते. रात्री आधार दिला की ही बधिरता कमी होते, दिवसाचा, म्हणजे मशीन नसतानाचा कार्बन डायऑक्साइडही उतरतो. लंडनमध्ये छातीच्या अशा आजारांच्या पेशंटवर झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं: काही महिने रात्री मास्क लावल्यावर कार्बन डायऑक्साइडला मेंदूचा प्रतिसाद सुधारला होता. फुप्फुसं आळशी होणं तर शक्यच नाही, कारण फुप्फुस हा स्नायू नाही. ते स्वतःहून कधीच हलत नव्हतं.

‘पण आमच्या ओळखीत एकाला आधी रात्रीच लागायचं, नंतर दिवसाही लागायला लागलं,’ असं उदाहरण हमखास दिलं जातं. उदाहरण खरं असतं. ड्युशेनमध्ये, एएलएसमध्ये स्नायू दर वर्षी, दर महिन्याला दुबळे होत जातात. पाय जातात, हात जातात, तसा श्वासही जातो. तास वाढतात ते आजारामुळे. मशीन नसतं तर तास वाढले नसते, कारण माणूसच राहिला नसता. पायातली शक्ती गेली म्हणून व्हीलचेअर आली, असं आपण बरोबर म्हणतो. श्वासाच्या बाबतीत मात्र तोच क्रम उलटा वाचतो. आणि जिथे आजार वाढत नाही, उदाहरणार्थ स्थूलपणाच्या पेशंटमध्ये वजन उतरलं तर, तिथे मशीनचे दाब कमी करता येतात, काही जणांचं मशीन सुटतंही.

आता पुरावे बघू. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी ड्युशेनच्या त्यांच्या सगळ्या जुन्या पेशंटची नोंद २००२ साली मांडली. १९६०च्या दशकात ही मुलं सरासरी १४.४ व्या वर्षी जात होती. १९९० नंतर ज्यांना रात्रीचं मशीन मिळालं, त्यांचं सरासरी वय २५.३ झालं. अकरा वर्षं! चौदाव्या वर्षी गेलेला मुलगा आणि पंचविशीपर्यंत जगलेला, कॉलेजला गेलेला, मित्र जोडलेला, मतदान केलेला तरुण यांच्यात जे अंतर आहे, त्याचा मोठा हिस्सा या मास्कनं भरून काढला. त्याच शहरात एएलएसच्या ४१ पेशंटवर चिठ्ठ्या टाकून झालेल्या चाचणीचा निकाल २००६ साली आला: काहींना मशीन, काहींना नाही. बोलणं-गिळणं ज्यांचं फार बिघडलेलं नव्हतं, त्यांचं आयुष्य मशीनमुळे साधारण २०५ दिवसांनी वाढलं, आणि जगण्याची प्रतही टिकली. ज्यांचं गिळणं फार बिघडलं होतं त्यांचं आयुष्य वाढलं नाही, मात्र काही तक्रारी हलक्या झाल्या. हा फरकही पेशंटला सांगितला पाहिजे. तो लपवून कुणालाही मशीन विकू नये. सीओपीडीत जर्मनी आणि ऑस्ट्रियात १९५ पेशंटवर झालेल्या २०१४च्या चाचणीत वर्षभरात मशीनवाल्या गटात १२ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ३३ टक्के. ब्रिटनमध्ये २०१७ साली आलेल्या चाचणीत नुसत्या ऑक्सिजनवर घरी गेलेले पेशंट साधारण १.४ महिन्यांत पुन्हा भरती झाले किंवा गेले. ऑक्सिजनबरोबर रात्री मास्क लावणाऱ्यांत तो काळ ४.३ महिन्यांवर गेला.

नेदरलँड्समध्ये मात्र अशाच एका चाचणीत फायदा दिसला नव्हता, हे मला माहीत आहे. तिथे रुग्णालयातला झटका ओसरताच मशीन दिलं गेलं होतं, आणि अशा वेळी अनेकांचा कार्बन डायऑक्साइड काही आठवड्यांत आपोआप खाली येतो. म्हणून ब्रिटनच्या डॉक्टरांनी दोन ते चार आठवडे थांबून, पुन्हा रक्त तपासून, ज्यांचा अजूनही चढाच होता त्यांनाच घेतलं. म्हणजे प्रश्न ‘मशीन चांगलं की वाईट’ असा नाही. कुणाला आणि केव्हा, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, एबीजीत मिळतं. मामांच्या अनुभवात मिळत नाही.

याहून घातक असा दुसरा सल्ला आहे: ‘मशीन कशाला, नुसता ऑक्सिजन लावा.’ २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपण सगळ्यांनीच ऑक्सिजनसाठी वणवण पाहिली. तेव्हापासून घराघरांत ऑक्सिमीटर आहे, अनेकांच्या माळ्यावर कॉन्सन्ट्रेटरही आहे, आणि धाप म्हणजे ऑक्सिजन कमी, एवढंच समीकरण मनात ठसलंय. कोविडमध्ये ते बरोबर होतं. तिथे स्नायू ठीक होते, फुप्फुसं सुजली होती. स्नायूंच्या आजारात फुप्फुसं ठीक असतात, भाता चालवणारा हात थकलेला असतो. अशा माणसाला नुसता ऑक्सिजन दिला की बोटावरचा आकडा ९६, ९७ दाखवायला लागतो. घरचे निश्चिंत होतात. पण ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. कमी ऑक्सिजनमुळे मेंदूला जी शेवटची टोचणी मिळत होती तीही जाते, श्वास आणखी मंदावतो, आणि कार्बन डायऑक्साइड चढत राहतो. पेशंट गाढ झोपतो. ‘किती दिवसांनी शांत झोप लागली’ असं म्हणत घरचे त्याला उठवत नाहीत. ही शांत झोप नसते, गुंगी असते. असे पेशंट मी पाहिले आहेत; त्यांच्या घरच्यांनी काळजी घेण्यात काहीही कसर ठेवलेली नव्हती, फक्त त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

सीओपीडीत कायमचा ऑक्सिजन कमी असणाऱ्यांना दिवसाचे पंधरा तास ऑक्सिजन दिल्यानं आयुष्य वाढतं, हे १९८१ पासून माहीत आहे. त्यांचा ऑक्सिजन बंद करा असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण कार्बन डायऑक्साइड न मोजता घरी कॉन्सन्ट्रेटर लावून देणं, हे मी बेजबाबदारपणाचं मानते.

‘मशीन म्हणजे शेवट’ ही भीती वेगळ्या जातीची आहे. तिच्यापुढे आकडे फेकून चालत नाही. कोविडमध्ये ‘व्हेंटिलेटरवर टाकलं’ हे वाक्य ज्यांनी फोनवर ऐकलं, त्यांतल्या कितीतरी जणांना त्यानंतर आपलं माणूस दिसलं नाही. त्या शब्दाभोवतीची दहशत मी समजू शकते. पण श्वासाच्या यंत्राचा इतिहास मरणाच्या बाजूचा नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात पहिल्या आठवड्यांत यंत्राचा आधार दिलेल्या ३१ पैकी २७ जण गेले. जुनी यंत्रं अपुरी होती आणि होती तीही मोजकी. मग ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं घशात नळी घालून हातानं रबरी पिशवी दाबत श्वास देण्याची युक्ती काढली, आणि सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, दिवसरात्र पिशव्या दाबून पोरांना जगवलं. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथे झाली. त्याच वर्षी अमेरिकेत डॅलसमध्ये पॉल अलेक्झांडर नावाच्या सहा वर्षांच्या मुलाला पोलिओ झाला आणि त्याला लोखंडी फुप्फुसात, म्हणजे मानेपर्यंत शरीर बंद करणाऱ्या लोखंडी पिंपात ठेवलं. तो पुढे कायद्याची पदवी घेऊन वकील झाला. तोंडात धरलेल्या काडीनं त्यानं आत्मचरित्र लिहिलं. २०२४च्या मार्चमध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी तो गेला. आणि ‘सुटत नाही’ म्हणणाऱ्यांनी त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट जरूर ऐकावी: घशाच्या स्नायूंनी हवेचे घोट गिळत श्वास घ्यायचं तंत्र तो शिकला आणि त्या जोरावर काही तास पिंपाबाहेर राहू लागला, कोर्टात उभा राहिला. रात्रीचा आधार पक्का होता म्हणून दिवस त्याच्या हातात आला.

आजच्या मास्कला तर ना पिंप लागतं ना घशातली नळी. जेवताना काढता येतो, बोलताना काढता येतो, नातवाला मांडीवर घेताना काढता येतो. ज्यांना दिवसाही आधार लागतो त्यांच्यासाठी व्हीलचेअरला जोडलेली तोंडाशी धरायची नळी असते. हवा हवी तेव्हा घोट घ्यायचा. आणि नकोच असेल तर मास्क बाजूला ठेवण्याचा हक्कही पेशंटचाच आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि उपचार नाकारण्याचं इच्छापत्र वैध ठरवलं. २०२३ साली त्याची किचकट प्रक्रियाही सोपी केली. ‘एकदा लागलं की काढता येणार नाही’ ही धास्ती कायद्यानंही खरी नाही.

मला खरा राग येतो तो इथे. आपल्याकडे बहुतेक वेळा पेशंटला विचारलंच जात नाही. मुलगा डॉक्टरांना खुणेनं बाहेर बोलावतो आणि ‘त्यांना काही सांगू नका, कशाला हाल करायचे’ म्हणतो. आत बसलेल्या माणसाचं डोकं शाबूत असतं. पाय चालत नसतात, विचार चालत असतो. त्याला नातीचं लग्न बघायचं असेल, अर्धं राहिलेलं घर पुरं करायचं असेल, किंवा खरोखरच काही नको असेल. त्यातलं काय, हे त्यानं ठरवायचं. नकार देणाऱ्या पेशंटचा मी मान ठेवते. त्याच्या वतीनं, त्याच्या पाठीमागे दिला गेलेला नकार मला मान्य नाही.

‘मशीनऐवजी प्राणायाम करा’ या सल्ल्यावर फार लिहीत नाही. ज्यांचे स्नायू धड आहेत त्यांनी जरूर करावा. थकलेल्या श्वासपटलाला आणखी राबवून ते बळकट होत नाही. या आजारांत उपयोगी पडणारा व्यायाम वेगळा आहे. अंबू बॅगनं, म्हणजे हातानं दाबून श्वास देण्याच्या पिशवीनं, एकावर एक श्वास भरून छाती पूर्ण फुगवायची आणि मग पोटावर दाब देत खोकायला लावायचं. हजार-दोन हजारांची पिशवी आणि शिकलेला एक नातेवाईक एवढ्यावर कफ सुटतो आणि न्यूमोनियाच्या कितीतरी वाऱ्या वाचतात. हे मी शिकवते तेव्हा पेशंटची बायको किंवा आई दोन दिवसांत तयार होते.

काही जण उपकरणांच्या अपयशाचे दाखले देतात, आणि ते खरेच आहेत. एएलएसमध्ये श्वासपटलाला विजेचे झटके देणारं उपकरण बसवण्याची ब्रिटनमध्ये चाचणी झाली. २०१५ साली निकाल आला तेव्हा ते बसवलेले पेशंट साधारण ११ महिने जगले होते आणि न बसवलेले २२.५ महिने. चाचणी झाली म्हणूनच हे कळलं. २०२१च्या जूनमध्ये फिलिप्स कंपनीनं आपली घरगुती श्वसनयंत्रं परत मागवायला सुरुवात केली, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका होता. जगभरात पन्नास लाखांहून जास्त यंत्रं त्यात होती. यातून कडक तपासणीची मागणी निघते आणि त्या मागणीत मी सामील आहे. श्वास कमी पडणाऱ्या माणसाला आधारच देऊ नये, असं यातून निघत नाही.

उलट खरं अपयश आपल्या डोळ्यांसमोर रोज घडतं आणि त्याकडे कुणी बघत नाही. मशीन लिहून दिलं जातं; दुकानातला मुलगा संध्याकाळी ते घेऊन येतो, मास्क बांधतो, बटण दाखवतो आणि जातो. मास्कचं माप घेतलेलं नसतं. पट्टे इतके आवळलेले असतात की दोन रात्रींत नाकाच्या हाडावर जखम होते. कवळी काढून ठेवल्यामुळे गाल बसतात आणि हवा गळते, ती डोळ्यांत जाते. पोट फुगतं. पेशंट तिसऱ्या रात्री मास्क फेकून देतो आणि मशीन कपाटात जातं. मग ‘त्यांना काही ते सोसलं नाही’ अशी नोंद होते. खरं तर सुरुवात दिवसा करायची असते: खुर्चीत बसून, टीव्ही बघत, अर्धा तास, कमी दाबावर. मापाचे दोन-तीन मास्क लावून बघायचे. नाकावर जखम होऊ लागली तर दुसऱ्या घडणीचा मास्क आलटूनपालटून वापरायचा. ज्याला हात उचलून मास्क काढता येत नाही, त्याला नाक-तोंड झाकणारा मास्क देताना तर दहादा विचार करायचा, कारण उलटी झाली तर जीवावर बेतू शकतं. तिथे नाकाचा मास्क आणि हाकेच्या अंतरावर माणूस हवा. दोन आठवडे अशी सोबत केली की बहुतेकांना मास्क जमतो. ही सोबत करणारा माणूस आपल्या व्यवस्थेत कुणाच्याच पगारपत्रकावर नाही.

आणि पैसा. इथे मी विरोधकांशी भांडणार नाही. चांगलं बायपॅप चाळीस-पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे जातं, मास्क काही हजारांचा आणि तो बदलावाही लागतो. गावात वीज जाते. इन्व्हर्टर किंवा बॅटरी लागते. (गरम पाण्याचा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर बॅटरी बराच जास्त वेळ टिकते, एवढं साधंसुद्धा लोकांना सांगितलं जात नाही.) महिन्याच्या भाड्यानं मशीन मिळतं, तेही सगळ्यांना झेपत नाही. परवडत नाही, हे खरं कारण आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझी हरकत आहे ती या कारणाला वैद्यकीय कपडे चढवण्याला. ‘सवय लागेल’ हे वाक्य अनेकदा ‘पैसे नाहीत’ याचं अब्रूदार रूप असतं. ते बोलून सगळ्यांची सुटका होते: मुलाची, डॉक्टरांची आणि सरकारचीही. पैसे नाहीत असं मोकळेपणानं म्हटलं, तर निदान पुढचा प्रश्न विचारता येतो: मग ते कुणी द्यायचे?

आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयातल्या भरतीभोवती उभ्या आहेत. वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पेशंट गुंगीत आयसीयूत आला, नळी घातली, आठ-दहा दिवस राहिला, तर ते बिल योजनेत बसू शकतं. तोच पेशंट घरी मास्क लावून झोपला असता आणि आयसीयूत आलाच नसता, तर त्या मास्कसाठी त्याच्या हातात काही पडत नाही. खासगी विम्यातही बहुधा हाच न्याय: रुग्णालयात असेपर्यंत खर्च मिळतो, घरच्या मशीनचा मिळत नाही. मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं, चाकाची खुर्ची मिळू शकते. श्वासाच्या साधनासाठी मात्र आईबापांना ट्रस्टांच्या दारात अर्ज घेऊन फिरावं लागतं. जिल्हा रुग्णालयांत कोविडच्या काळात आलेली बायपॅप यंत्रं आहेत. त्यातली वापरात नसलेली तपासून, परतीच्या बोलीवर घरी द्यायला काय हरकत आहे? त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि एक नोंदवही लागेल. एका आयसीयू खाटेच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

ही मागणी सरकारकडे आहे. वाचकांकडे दुसरी आहे. तुमच्या घरात कुणी सकाळी डोकं धरून उठत असेल, आडवं झालं की गुदमरत असेल, दोन-तीन उशा लावून किंवा खुर्चीत बसून झोपत असेल, दिवसा बोलता बोलता डुलक्या घेत असेल, आणि त्याला स्नायूंचा, कण्याचा किंवा जुना छातीचा आजार असेल, तर ऑक्सिमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. छातीच्या डॉक्टरांकडे न्या. एबीजी करा म्हणून सांगा, झोपून आणि बसून श्वासाची ताकद मोजा म्हणून सांगा, रात्रीची तपासणी कुठे होते ते विचारा. त्यांनी मशीन सुचवलं तर कोणत्या आकड्यावरून सुचवलं तेही विचारा. आणि हे सगळं विचारताना ज्याचा श्वास आहे, त्याला खोलीबाहेर ठेवू नका.